चौदावे प्रकरण सुटले: भिजलेली कीर्द, गाळाची रेघ आणि खासगी गुप्तहेर

गेल्या नोंदीच्या वेळी ज्या चौदाव्या प्रकरणापाशी माझी कादंबरी रुतून बसली होती, ते आता पूर्ण झाले आहे. इतर प्रगती थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकातला पाठलाग आखडला, रंकाळ्यावरचा संवाद तसाच ठेवला आणि मधले प्रेमप्रकरण काढून टाकले. त्याची उणीव कोणाला भासेल असे वाटत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पेच पुन्हा मांडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या एका पेढीत पाणी शिरते, कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, भिजते आणि पाणी ओसरल्यावर कोणीतरी त्या कीर्दीत जुलैच्या तारखेखाली, रक्कम पोचल्याची एक नोंद घुसडते. कथा त्याच वर्षीच्या डिसेंबरात घडते. माझ्या गुप्तहेराला ही नोंद चौदाव्या प्रकरणात दिसते, उलगडा मात्र बाविसाव्यात होतो, आणि निवेदन प्रथमपुरुषी आहे. त्याला जे कळले ते त्याने वाचकापासून लपवले तर ती फसवणूक ठरते. हाती लागलेला दुवा गुप्तहेराने तत्काळ वाचकापुढे ठेवला पाहिजे, असे इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली नियमच घालून सांगितले आहे. सांगून टाकले तर पुढच्या आठ प्रकरणांत जीव उरत नाही.

यावरचे दोन जुने उपाय सर्वांना माहीत आहेत. १८८७ साली होम्स अवतरला तो वॉटसनला घेऊनच, त्यामुळे वाचकाला गुप्तहेराची कृती दिसते, पण त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते दिसत नाही. डॅशिएल हॅमेट यांनी सॅम स्पेड या खासगी गुप्तहेराच्या कादंबरीत तृतीयपुरुषी निवेदन इतके बाहेरून ठेवले आहे की स्पेडच्या मनात निवेदक एकदाही डोकावत नाही. दोन्ही उपाय उत्तम आहेत, परंतु मला ते नको होते. कौतुक करणारा सोबती मिळाला की खासगी गुप्तहेराचा निम्मा एकटेपणा जातो, आणि माझ्या मते त्या एकटेपणातच या कादंबऱ्यांची खरी ओढ आहे.

मग मी दुव्याकडेच वळलो. पुराने भिजलेल्या पानावर जुनी शाई पसरलेली असेल आणि मागाहून लिहिलेली नोंद कोरीव दिसेल, अशी माझी मूळ योजना होती. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून जुन्या साठ्यातली लाल कापडी बांधणीची वही आणली, पंचगंगेचे गढूळ पाणी घमेल्यात भरले आणि निरनिराळ्या लेखण्यांनी लिहिलेली पाने त्यात भिजवली. (हल्लीच्या गुळगुळीत कागदाच्या लाँगबुकांवर हा प्रयोग करू नये, त्यांचा कागद पेढीवरच्या जुन्या वह्यांसारखा वागत नाही.) रॉयल ब्लू शाई अपेक्षेप्रमाणे फिकट होऊन वाहिली. बॉलपेनची अक्षरे मात्र जशीच्या तशी राहिली. आजकाल कीर्द बॉलपेननेच लिहिली जाते, त्यामुळे शाई फुटली नाही एवढ्यावरून ती नोंद पुरानंतरची ठरत नाही, आणि माझा सगळा दुवा पाण्यात गेला.

ती पाने वाळत ठेवली होती म्हणूनच पुढचे सुचले. वाळलेल्या पानावर पाण्याची पातळी जिथे थांबली तिथे गाळाची तपकिरी रेघ उमटली होती. तिच्यावरून पुन्हा लिहून पाहिले. शाईपेनची शाई कागदात केसांसारखी फुटली, कारण भिजल्यामुळे कागदावरची खळ निघून गेली होती. बॉलपेनने तर त्याहून चांगले काम केले. गुजरीत सोनार वापरतात तसल्या दहापटीच्या भिंगाखाली पाहिले, तेव्हा आधी लिहिलेल्या अक्षरांवर गाळाचे कण बसलेले दिसले, आणि नंतर लिहिलेल्या अक्षरांत पेनाच्या गोळीने वाळलेला गाळ खरवडून एक बारीक चर पाडलेला दिसला, ज्याच्या तळाशी शाई होती. ते पाहून झालेला आनंद इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको. प्रयोगशाळा नको, तज्ज्ञ नको. भिंग आणि उजेड पुरतो.

आता उरला तो प्रश्न, की ही कीर्द त्याला पाहायला मिळतेच कशी? त्या काळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कागदपत्रे हजर करण्याचा लेखी आदेश देता येत असे. खासगी गुप्तहेराला असा कोणताही अधिकार नाही. त्याच्या व्यवसायासाठी परवान्याचा कायदाही आपल्याकडे नाही. २००७ साली राज्यसभेत मांडलेले विधेयक कायदा होऊ शकले नाही. त्याला जे दिसते ते कोणीतरी दाखवले म्हणून दिसते, जे ऐकू येते ते कोणीतरी बोलले म्हणून. दारावर थाप मारायची, समोरच्याने बसा म्हणेपर्यंत उभे राहायचे, आणि नाही म्हणाला तर उद्या पुन्हा यायचे. वाचकाची अवस्थाही हीच असते, आणि म्हणूनच पोलीस अधिकाऱ्यापेक्षा हा बिनअधिकाराचा माणूस आपल्याला अधिक जवळचा वाटतो. रेमंड चँडलर यांचा खासगी गुप्तहेर मार्लो १९३९ च्या पहिल्या कादंबरीत रोजचे पंचवीस डॉलर आणि वरखर्च सांगतो, तेव्हा त्याच्यापाशी विकायला कष्ट आणि शब्द यांपलीकडे काही नसते.

हे ध्यानात आल्यावर गाठ सुटली. कीर्द पेढीचे दिवाणजीच त्याच्यापुढे ठेवतात, तीही दुसऱ्याच व्यवहाराची उधारी दाखवण्यासाठी. गुप्तहेर रकमेविषयी विचारत असताना त्याला दिसते ते सगळे सरळ सांगतो: सातच्या आकड्याचे खालचे वळण गाळाच्या रेघेवरून गेले आहे आणि तेथे गाळ खरवडला आहे. लिहिणाऱ्याचा हात जड असावा, असे त्याला वाटते आणि तो पुढे जातो. दुवा वाचकासमोर पूर्ण उघडा आहे, आणि त्याचा अर्थ त्या क्षणी दोघांपैकी कोणालाच लागलेला नाही. विसाव्या प्रकरणात कुंभार गल्लीतल्या एका भिंतीवर पुराच्या खुणेवरून कोणीतरी खिळ्याने तारीख कोरलेली तो पाहतो, आणि तेव्हा त्याला तो सात आठवतो. आता लपवण्यासारखे काहीच उरत नाही.

हे लिहिता लिहिता मात्र एक नवीच गोष्ट लक्षात येत आहे. दिवाणजींनी नेमके तेच पान का उघडावे? उधारीची बाकी खतावणीतही, म्हणजे खातेवार वहीतही, दाखवता आली असती. तोंडाने बोलण्याची सोय नसलेल्या माणसाने ते पान मुद्दाम उघडले असेल, तर माझा आजवरचा गुन्हेगार निर्दोष ठरतो, आणि नोंद घुसडणारा हात पेढीच्या मालकाचा, म्हणजे गुप्तहेराला नेमणाऱ्या अशिलाचाच ठरतो. ज्याचे पैसे घेतले त्याच्याच विरुद्ध उभे राहण्याची पाळी माझ्या गुप्तहेरावर येते, आणि ही कादंबरी मुळातच अशी असायला हवी होती असे आता तीव्रतेने वाटते.

त्यामुळे सोळावे प्रकरण बाजूला ठेवून तिसऱ्याकडे परत जात आहे. तेथे आगाऊ रकमेचे व्हाउचर मालक स्वतःच्या हाताने लिहितो आणि गुप्तहेर त्यावर सही करतो. आतापर्यंत त्याचा रोजचा दर १,५०० रुपये होता. तो १,७०० करत आहे, म्हणजे मालकाच्या हातचा सात वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच पाहायला मिळेल.