गियरबॉक्सची बशी

बाबांना चहा उकळता लागतो आणि प्यायचा मात्र बशीतून. कपातून बशीत, एक फुंकर, आणि सुर्रकन आत. हे मी चाळीस वर्षं बघतोय, आणि बायको गेली बारा वर्षं म्हणतेय की बाबा, गार करूनच प्यायचा तर उकळता मागता कशाला. ह्या वर्षी पहिल्यांदा मला बाबांची बाजू पटली आणि त्याला कारण झाली माझी गाडी.

गाडी म्हणजे, हसू नका, स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, बटण दाबलं की छत घडी होऊन डिकीत जातं. जर्मन आहे, सेकंडहँड म्हणतो मी पण खरं तर थर्डहँड, सोळा वर्षांची, नव्या हॅचबॅकच्या भावात मिळाली म्हणून घेतली. हे वाक्य मी घरी इतक्यांदा बोललोय की आता मुलगी ते माझ्याआधी पूर्ण करते. कंपनीचं नाव सांगत नाही, माझी गाडी बिघडली त्यात त्यांचा काय दोष, आधीच्या दोन मालकांनी कशी चालवली कुणास ठाऊक. इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या गल्लीत ती उभी असली की पोरं तिच्याजवळ सेल्फी काढतात आणि लग्नाकार्याला जायचं झालं की आम्ही दोघं तिच्यात, बाकी घर रिक्षात.

तसं इंदूरला स्पोर्ट्स कारचं अप्रूप आजचं नाहीये. यशवंतराव होळकरांनी, म्हणजे माणिकबाग राजवाडा बांधला ते दुसरे यशवंतराव, त्यांनी १९३५ची ड्यूझेनबर्ग स्पीडस्टर करून घेतली होती, चेसी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून, रंग भगवा आणि काळा. आणि हल्ली पीथमपूरला नॅट्रॅक्सचा, गाड्या तपासायचा ट्रॅक झालाय, ११.३ किलोमीटरचा, २०२१ साली उद्घाटन झालं तेव्हा आशियातला सगळ्यात लांब हायस्पीड ट्रॅक म्हणून पेपरात फोटो आले होते. माझी गाडी ह्या दोन वैभवांच्या मध्ये कुठेतरी, बहुतेक वेळा भंवरकुव्याच्या सिग्नलवर.

तर मे महिन्यात आम्ही दोघं ओंकारेश्वरला गेलो. जाताना सगळा उतार, गाडी लोण्यासारखी. येताना भेरूघाटात एक ट्रक आडवा बंद पडलेला आणि त्याच्यामागे अख्खा खंडवा रोड तुंबलेला. बेचाळीस डिग्री, चढ, पाच फूट पुढे जा, थांब, परत पाच फूट. तासाभरानं जळक्या टोस्टसारखा वास यायला लागला, मी म्हंटलं पुढच्या ट्रकचा असेल, आपल्या गाडीतून वास येत असला की माणसाला तो नेहमी पुढच्या ट्रकचाच वाटतो. मग एक झटका बसला आणि गाडीनं स्वतःला दुसऱ्या गियरमध्ये अडकवून घेतलं. सिमरोलपासून घरापर्यंत दुसऱ्या गियरमध्ये, चाळीसच्या स्पीडनं, सगळे ऑटोवाले ओव्हरटेक करून राहिलेत आणि बायको खिडकीबाहेर बघतेय. काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

हे का होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर रात्री जागून वाचलं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडलेले नसतात, मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा डबा असतो आणि त्यात तेल. समजा दोन पंखे समोरासमोर ठेवले, एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो, तसं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल आणि मध्ये तेलाला नीट वळवणारं आणखी एक चाक. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनियरची, १९०५चं पेटंट, आणि तेही मोटारीसाठी नाही, जहाजासाठी. आता गंमत अशी की हायवेला ऐंशी-शंभरनं जाताना आतला एक क्लच लागतो आणि दोन्ही बाजू एकत्र फिरतात, तेलाला फारसं काम राहत नाही. तेल तापतं ते रेंगाळताना. इंजिन ढकलतंय, चाकं जात नाहीयेत, आणि मधलं तेल नुसतं घुसळून निघतंय. म्हणजे माझी स्पोर्ट्स कार जोरात पळवून खराब झाली नाही, हळू चालवून झाली. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे मधल्या माणसाचं असंच होतं, तुझ्या आईच्या आणि माझ्या आईच्या मध्ये मी तीस वर्षं काढली."

बरं मग कंपनी हे तेल थंड करत नाही का, तर करते, पण कसं, रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो, त्यातून तेल जातं आणि बाहेरून इंजिनचं पाणी. ते पाणीच नव्वद डिग्रीला. म्हणजे उकळत्या चहाचा कप गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा आणि म्हणायचं गार हो. थंडीत ह्याचा उपयोग आहे, तेल लवकर कोमट होतं, ते कबूल. पण आमच्या मेमध्ये, चढावर? त्याला पाहिजे बशी. पसरट, चारी बाजूंनी हवा लागणारी. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून वेगळा घेऊन बसवायचा, ट्रान्समिशन कूलर म्हणजे दुसरं काही नाही, पातळ ॲल्युमिनियमच्या बश्या एकावर एक रचलेल्या आणि मध्ये जाळी. ऑनलाइन मागवला, शाळेच्या पाटीएवढा आला, पोस्टमनदादांनी विचारलं काय आहे, आई म्हणाली बशी आहे.

उस्तादच्या गॅरेजमध्ये पहिलं काम जुनं तेल काढायचं. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं, मुद्दाम रंग घालतात, खाली थेंब पडला तर इंजिन ऑइलपेक्षा वेगळा ओळखू यावा म्हणून. नवं तेल अगदी कोकम सरबत. माझ्या गाडीतून निघालं ते बाळंतिणीच्या काढ्यासारखं, काळंभोर, आणि वास तोच, टोस्टचा. उस्तादनं बोटावर घेऊन चोळलं, नाकाशी नेलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून जसं गप्प बसतात तसा गप्प बसला. (अगदी उगाच सांगतो, ह्या तेलात १९७०च्या सुमारापर्यंत व्हेल माशाचं तेल घालायचे, क्लच मऊ लागावेत म्हणून. मी हे उस्तादला सांगितलं. तो म्हणाला, "भिया, मैं तो वेजिटेरियन हूँ.")

मग पाइप. उस्तादनं पेट्रोलचा पाइप काढला, यही लगता है सब में. मी पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आवाज चढवला. गरम तेल, त्यात प्रेशर, साधा पाइप काही महिन्यांत मऊ पडून सुटतो आणि मग रस्त्यावर सगळं कोकम. ट्रान्समिशनचाच पाइप पाहिजे म्हणून हट्ट धरला. कूलरवरच्या फिटिंग निघाल्या एएन-सिक्स, म्हणजे अमेरिकन आर्मी-नेव्हीचं जुनं माप, सहा म्हणजे इंचाचे सहा सोळांश, तीन अष्टमांश इंच. गाडीच्या लाइनी मिलिमीटरमध्ये. एका बोनेटखाली जर्मनी आणि अमेरिका परत भिडले आणि तह करायला सियागंजातून ॲडाप्टर आणावे लागले, तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी दुकानदाराचं तेच, "लाया क्या पुराना वाला?"

परतीची लाइन कुठली ते बघायला उस्तादकडे मीटर नव्हता. इंजिन चालू करून दोन्ही पाइपांना हात लावला, जो जास्त चटकला तो गियरबॉक्समधून येणारा, दुसरा परतीचा. नवा कूलर परतीच्या लाइनवर, रेडिएटरमधून निघाल्यावर, म्हणजे तेल घरी जाताना सगळ्यात शेवटी थंड होऊन जातं. तोंडं वरच्या बाजूला ठेवली, खाली केली की आत हवा अडकते. मध्ये एक थर्मोस्टॅटपण टाकला, तेल गार असेल तर कूलरकडे जाऊच देत नाही, कारण जानेवारीत सकाळी इंदूर काय असतं ते पोह्यांच्या गाडीवर उभं राहिलेल्याला विचारा.

आणि मग भरणं. ह्या गियरबॉक्सला तेल मोजायची नळी आहे, नळीला झाकण आहे, पण आत काठीच नाही. काठी फक्त वर्कशॉपकडे. म्हणजे देवळाला गाभारा आहे, घंटा पुजाऱ्याकडे. उस्तादकडे एक जुनी काठी होती, कुठून आली विचारलं नाही. लेव्हल बघायची ती तेल ऐंशी डिग्रीला असताना, गाडी पी मध्ये, म्हणजे पार्कमध्ये ठेवून. मी गाडीला जोडलेल्या मोबाईलवर तेलाचं तापमान बघत होतो, पंधरा मिनिटं झाली, मस्त ऐंशी दाखवतंय, म्हंटलं चला. उस्ताद म्हणाला थांब, ब्रेक दाबून डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये टाक. टाकलं तर पंचावन्न! ह्या गियरबॉक्सची करामत अशी की पी मध्ये असताना ते तेलाचं तापमान सांगतच नाही, इंजिनच्या पाण्याचा आकडा स्वतःचा म्हणून दाखवतं. म्हणजे ब्रेकवर पाय, डी मध्ये टाका, आकडा बघा, परत पी, काठी घाला, पुसा, परत घाला. कूलर आणि पाइपात जवळपास अर्धा लिटर जास्तीचं गेलं. रात्री नऊला संपलं, उस्तादला म्हंटलं कूलर पट्ट्यांवर बोल्टनं बसवू या का, तो म्हणाला आधा दिन और लगेगा, कूलरसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पिना आहेत, एसीच्या जाळीतून आरपार घालून अडकवून देतो. मला घरी जायचं होतं. हो म्हंटलं. ही चूक माझीच.

दोन महिने सुरेख गेले. मग भर पावसाळी उकाड्यात एसी गार हवा देईना. पिना थरथरून थरथरून एसीच्या कंडेन्सरच्या, म्हणजे त्याच जाळीच्या, नळीला घासल्या, बारीक भोक, सगळा गॅस उडाला. म्हणजे गियरबॉक्स थंडगार आणि आम्ही दोघं घामाघूम. बायको त्या दिवशी मात्र बोलली. "तेलाला एसी, आणि मला पंखा?" मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. कूलरच्या दुप्पट किमतीचा कंडेन्सर आला, आणि ह्या वेळी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, रबरी बुश, मध्ये बोटभर जागा, पूर्ण दिवस लागला आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

ऑक्टोबरमध्ये ट्रायल घ्यायला परत ओंकारेश्वर. बायकोनं साफ नाही सांगितलं, तर बाबा म्हणाले मी येतो. बाबा म्हणजे क्रिकेट. होळकर टीमनं चार वेळा रणजी जिंकली तो काळ त्यांच्या वडिलांनी मैदानावर बसून बघितलेला, सी. के. नायडूंच्या सिक्सरच्या गोष्टी आमच्याकडे रामायणासारख्या वारशानं आल्यात. येताना घाटात परत गर्दी, ह्या वेळी ट्रक बंद नव्हता पण सगळे गोगलगाय. मी मोबाईल बाबांच्या हातात दिला, म्हंटलं हा तेलाच्या तापमानाचा आकडा बघत राहा, सांगत राहा. मे महिन्यानंतर, कूलर बसवायच्या आधी, एकदा ह्याच चढावर रिकाम्या रस्त्यात बघितला होता, तेव्हाही १२४ला गेला होता.

बाबांनी चष्मा लावला. "शहात्तर." पाच फूट पुढे. "ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी." समोर बस थांबली, आम्ही चढावर थांबलो. "नव्वद. आता सांभाळून हं, नव्वदीत भलेभले जातात." मी एसी बंद करू का विचारत होतो तर त्यांनी हातानंच गप्प केलं. "त्र्याण्णव. पंच्याण्णव." बस हलली. "शहाण्णव." मग बराच वेळ शहाण्णव. वळण आलं, बस बाजूला झाली, रस्ता मोकळा झाला, गाडी वर सुटली, तोंडावर हवा आली.

"चौऱ्याण्णव," बाबा म्हणाले, आणि मोबाईल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत, अगदी मनापासून हळहळले, "च्च. शतक हुकलं."