रेसिडेंटना ॲम्ब्युलन्सवर कशाला पाठवता?

इतर विभागांतले सहकारी मला हे विचारतात आणि नाइट ड्युटी उरकून आलेले रेसिडेंटही विचारतात. वॉर्डातलंच काम आवरत नाही, त्यात ॲम्ब्युलन्स आणि मॉक ड्रिल कशाला? तिथे पॅरामेडिक असतातच की! तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वॉर्डात आम्ही मुलांच्या अंगात एक गोष्ट मुरवतो, ती म्हणजे समोरच्या पेशंटला सोडायचं नाही. दुर्घटनेच्या जागी तीस जखमी आणि दोनच डॉक्टर असले, की पहिल्या फेरीत नेमकं सोडून पुढे जावं लागतं. त्यासाठीची 'स्टार्ट' पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला तयार झाली. एका जखमीला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. चालता येतंय त्याला हिरवा टॅग, म्हणजे हा थांबू शकतो. श्वास मिनिटाला तीसच्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे आधी याला. श्वासच नाही आणि वायुमार्ग मोकळा करूनही आला नाही, तर काळा, म्हणजे इथे थांबायचं नाही. उरलेले पिवळे, म्हणजे लालनंतर लगेच. पाठ करायला दहा मिनिटं पुरतात.

एका ड्रिलमध्ये आमची एक फार हुशार रेसिडेंट जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्या 'जखमी'चा हात चार मिनिटं बांधत बसली. तीन पावलांवर भिंतीला टेकून एक जण गप्प होता, हनुवटी छातीवर टेकलेली. त्याचं डोकं नुसतं मागे केलं असतं तर श्वास मोकळा झाला असता. मी तिला रागावले नाही. आम्ही शिकवलं तेच तिने मनापासून केलं होतं.

ढिगाऱ्याखालचा माणूस तर याहून अवघड. १९४१ मध्ये लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींबद्दल बायवॉटर्स आणि बील यांनी लिहून ठेवलं, की तासन्‌तास दबलेली माणसं बाहेर काढल्यावर बरी वाटतात आणि काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन दगावतात. दाब सुटला, की चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. एक हृदय बंद पाडू शकतं, दुसरं मूत्रपिंडाची वाट लावतं. म्हणून शक्य असेल तिथे स्लॅब उचलण्याआधीच सलाईन सुरू करायचं. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. पण अंधारात पालथं पडून, बाहेर आलेल्या एकाच हाताची शीर चाचपत, 'उचला, उचला' असा गलका चाललेला असताना 'थांबा, अजून उचलू नका' हे मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. ते वाचून येत नाही. मी स्वतः ते अनुभवी पॅरामेडिकच्या शेजारी गुडघे टेकून शिकले, आणि माझ्या मते या विषयात त्यांच्याइतके चांगले शिक्षक दुसरे नाहीत.

महिनाभर ॲम्ब्युलन्सवर राहिलेला रेसिडेंट मला कॅज्युअल्टीच्या दारात लगेच ओळखू येतो. स्ट्रेचर आत आलं, की तो पॅरामेडिकचं बोलणं मध्ये तोडत नाही. पूर्ण ऐकून घेतो, आणि रक्तस्राव थांबवायला आवळलेल्या पट्ट्याची वेळ सांगायची राहिली असेल तर एवढंच विचारतो, "टूर्निके किती वाजता बांधली?"