आवाज फुटायच्या वयाची बाई

आई फोनवर दर रविवारी विचारते, "बी.एड. झालंय ना तुझं? मग परत बाई व्हायलाच अमेरिकेत कशाला?" फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सहावी ते आठवी म्हणजे मिडल स्कूल. शाळा वेगळी, आणि तिथल्या शिक्षकांचं शिक्षणही वेगळं; तेच मी शिकतेय. चौथी ते आठवीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. या वयाला हायस्कूलची धाकटी आवृत्ती नको, असं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी 1963 साली मांडलं, तेव्हापासूनची ही खटपट.

गोव्यात बी.एड.ला पहिला प्रश्न होता, "मेथड कुठली?" मी गणित-विज्ञान म्हटलं आणि पाठ टाचणांच्या वह्या भरत सुटले. इथला पहिला गृहपाठ: दहा ते चौदा या वयात तुम्ही शाळेत कसे होता ते लिहा. मी पाचवी लिहिली. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरची सरकारी मराठी शाळा चौथीला संपली, पुढे कदंबा बसने वाळपईला, सगळं इंग्रजीत. चौथीत फळ्यापुढे बडबडणारी मी वर्षभर शेवटच्या बाकावर मुकी. 'मे आय गो टू द टॉयलेट' बसमध्ये घोकत जायचे, आणि विचारायचं धाडस होईपर्यंत घंटा व्हायची.

एवढं लिहूनही सातवीच्या वर्गात घोळ घातलाच. एका मुलाला अचानक उठवून उतारा वाचायला लावला. दुसऱ्याच ओळीत त्याचा आवाज फुटला, चर्रकन. वर्ग खिदळला. तो कानापर्यंत लाल, मान पुस्तकात. मागे बसलेल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सगळ्यांना जोडीने वाचायला सांगितलं. तास सुटल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "उद्या वाचायचं असेल तर त्याला आज सांग." बी.एड.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे 'अॅडव्हायझरी' नावाचा तास असतो: एका शिक्षकाकडे थोडी मुलं, शिकवायचं काहीच नाही, फक्त विचारपूस. ऐकायला छान. पण वसंतात राज्याच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे पहिला हाच तास गिळला जातो. म्हणजे पोर्शन पुरा करायची घाई आपल्याकडेच असते असं नाही!

तो पाचवीचा निबंध परवा आईला वाचून दाखवला. ती जरा थांबली, मग म्हणाली, "तू गप्प होतीस होय? मला वाटलं, इंग्रजीत गेलीस म्हणून शहाणी झालीस."