गच्ची नसलेल्या मुलखात

किनाऱ्यावरचे दिवस एका ओळीत आटोपतो: पाऊस, शेजारच्या बारचा मध्यरात्र उलटेपर्यंतचा दणदणाट, आणि दर सकाळी थोडं वाढलेलं खोलीचं भाडं. तिथे गिऱ्हाइकाची विचारपूस होते, पाहुण्याची होत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. बॅग उचलली, पणजीला कदंबची बस धरली आणि माशेलला काकूकडे येऊन पडलो.

माशेल म्हणजे देवकीकृष्णाचं गाव. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मैदानात चिखलकालो, म्हणजे चिखलातल्या खेळांचा उत्सव, होतो. मी पोचलो तेव्हा तो होऊन गेला होता, पण मैदान अजून ओलंकिच्च होतं. दुकानात काड्यापेटी मागितली तर दुकानदाराने आधी विचारलं, कोणाकडे आलास? काकूचं नाव सांगितल्यावर आवाज बदलला.

रात्री चुलतभावाने प्लेस्टेशन लावलं. 'डाइंग लाइट' आम्ही दोघांनी वेगवेगळ्या गावांत राहून पूर्ण केला होता, पण त्याची 'द फॉलोइंग' ही पुरवणी मी खेळलो नव्हतो. मूळ गेम २०१५ चा, पोलंडच्या टेकलँडचा. हारान नावाचं शहर रोगामुळे भिंत घालून बंद केलंय, आणि काइल क्रेन, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, गच्च्यांवरून उड्या मारत जीव वाचवतो. खाली रस्ता झोम्बींचा, वरची छपरं आपली. सूर्य बुडाला की 'व्होलाटाइल' नावाचे जास्त भयानक झोम्बी बाहेर पडतात. ते धावतात, चढतात, माग काढतात. तरीही शहरात कुठेतरी वर जाता येतं, हा धीर असतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या या पुरवणीने तो धीर काढून घेतला. शहराबाहेरच्या कुठल्याशा लोकांना हा रोग बाधत नाही असं कानावर येतं, म्हणून क्रेन हारानमधून खेड्यांच्या मुलखात पोचतो. समोर शेतं, टेकाडं, लांब पसरलेले रस्ते आणि समुद्र. हुक फेकून चढायला जवळपास काही नाही. हाताशी येते ती एक बग्गी. तिला पेट्रोल लागतं, ते बेवारस गाड्यांतून काढायचं. झोम्बींना उडवत गेलं तर तिचे भाग झिजतात आणि दुरुस्तीला स्क्रू लागतात. पुढे तिच्यावर अतिनील दिवेही बसवता येतात, ज्यांना व्होलाटाइल भितात. पण पहिल्या संध्याकाळी ते नसतात. टाकी रिकामी होत आलेली, उजेड पिवळा झालेला आणि चारही बाजूंनी सपाट रान. मला या गेममधली सगळ्यात सुंदर वेळ हीच वाटते. इथे भीती कोपऱ्यामागून झडप घालत नाही. ती लांबून येताना दिसते आणि आपल्याला लपायला जागा नसते.

काकू पलीकडे अळसांदे निवडत बसली होती. मेलेली माणसं चालताना पाहून ती जराही दचकली नाही. मी बग्गी शेतातून घातली तेव्हा मात्र म्हणाली, "पुता, थांब जरा."

थांबलो.

"हे शेत कोण करत नाही? सगळी पड टाकलीय."

मी सांगितलं की रोग आलाय, माणसं मेली, पळाली.

"थोडी राहिलीत ना? मघाशी त्या घरात होती की." तिला जासिरचं शेतघर म्हणायचं होतं. तिथली माणसं अनोळख्याला लगेच जवळ करत नाहीत. आधी त्यांची कामं करावी लागतात, मग हळूहळू विश्वास बसतो. "तेवढी माणसं घराजवळचं तरी करतील. एकाने पड टाकली की शेजाऱ्यालाही टाकावी लागते."

मी कंट्रोलर खाली ठेवला. त्यानंतर ती बराच वेळ तिच्या माहेरच्या, दिवाडी बेटावरच्या शेतांबद्दल बोलली. कोणाचे मुलगे बोटीवर गेले, कोणाला लावणीला माणसं मिळेनात. खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीत, बांध सगळ्यांचा असतो. एकाने आपल्याकडचा सांभाळला नाही, खेकड्यांची बिळं तशीच राहिली, की भरतीचं पाणी तिथून शिरतं आणि सगळ्यांची जमीन खारी करतं. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. भाऊ मध्ये एकदाही बोलला नाही.

सकाळी तिला स्कूटरवर मागे बसवून नार्व्याला गेलो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ इथलंच. हा देवही मूळचा दिवाडीचा, पोर्तुगीजांच्या छळामुळे पाणी ओलांडून आलेला. आम्ही फेरीबोटीने उलट दिशेला गेलो. काकूच्या भावाने बांधावरून नेलं. एका अंगाला नदी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला कोरगुटाचं हिरवंगार भात. कोरगूट खारटपणा सोसतं. मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, पहिल्यांदाच नीट पाहिली. भरती चढली की पाण्याच्या दाबाने तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. राखणदार नको, वीज नको. हारानच्या भिंतीपेक्षा हा मातीचा बांध मला कितीतरी शहाणा वाटला.

आणि मधोमध एक पड. गुडघ्याच्या वर गवत, कडेला साचलेलं पाणी. दोन्ही बाजूंची शेतं केलेली होती, म्हणून ती जास्तच नजरेत भरली. काकूने तिच्या मालकाचं नाव घेतलं आणि पुढे चालू लागली. त्या सपाट जागी, आभाळ भरून आलेलं असताना, आदल्या रात्रीची बग्गीतली धडधड मला खरोखर आठवली. डोकं वर काढायला तिथेही काही नव्हतं. पण भातात वाकलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीने हाक मारून काकूला जेवायला थांब म्हटलं. आम्ही थांबलो. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, आणि तळलेली सुंगटं म्हणजे कोळंबी. किनाऱ्यावर याचे किती घेतले असते ते लिहीत नाही.

उरलेल्या रात्री खेळण्यात गेल्या. व्होलाटाइलच्या बिळांत दिवसा उतरलं तर ती भरलेली असतात. रात्री ते शिकारीला बाहेर पडतात, म्हणून उतरायचं ते रात्रीच. ही कल्पना मला फार आवडली. मूळ गेम पूर्ण केल्याशिवाय मात्र या पुरवणीला हात लावू नका, क्रेनचा थकवा समजणार नाही. आणि बग्गी पळवत एका दमात संपवूही नका. बंद पडलेल्या मोटारी, मच्छीमारांची वस्ती, एकेक घर उतरून पाहा.

शेवट सांगत नाही. दोन आहेत, दोन्ही कडू, आणि भावाचं-माझं त्यावरून भांडण झालं. त्याला ते धाडसी वाटतात. मला धाडस दिसतं, पण दोन्हीकडे निर्णय क्रेनचा आहे. ज्यांची कामं करत, ज्यांचा विश्वास मिळवत आपण तिथवर येतो, त्या शेतघरातल्या माणसांना कोणी काही विचारतच नाही. त्यांना विचारायला हवं होतं.