सुक्या ब्रशचा तिरका फॉन्ट करताना

कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत काढलेली अक्षरं बघत मोठं झालेल्या माणसाला कधी ना कधी हा मोह होतोच. पोस्टरं करता करता मलाही झाला: सुक्या ब्रशने ओढल्यासारखा, उजवीकडे कललेला देवनागरी फॉन्ट. रोमनमध्ये ब्रशचे फॉन्ट ढिगाने आहेत. आपल्याकडे 'तिरका' म्हणजे बहुतेक वेळा सरळ फॉन्टच सॉफ्टवेअरमधून ढकललेला. त्यात गोलाई पिचकते, दांड्यांची जाडी बिघडते. मला तो प्रकार बघवत नाही.

म्हणून कागदच तिरपा ठेवून लिहिलं. खरखरीत कार्ट्रिज पेपर, चपटा ब्रश, काळा पोस्टर कलर, आणि रंग जवळजवळ पुसून टाकलेला. रेघ सुरू होताना भरीव असते, संपता संपता फाटते. स्कॅन करून ट्रेस केलं, म्हणजे संगणकाकडून अक्षराची बाह्यरेषा काढून घेतली, की एकेका अक्षरावर त्या रेषेच्या बिंदूंचा नुसता पाऊस. बारीक ठिपके सगळे उडवले, मोजके ठसठशीत ओरखडे ठेवले.

खरा घाम काढला शिरोरेषेने. रोमन छापील अक्षरं सुटी असतात, आपली हातात हात घालून चालतात. शिरोरेषेची टोकं फाटकी ठेवली की प्रत्येक सांध्यावर भगदाड. शेवटी टोकं भरीव केली, एकमेकांवर थोडी चढवली, आणि खडबड फक्त मधल्या भागात, तीही खालच्या कडेला ठेवली. वेलांटी, अनुस्वार, रफार हे कलामुळे उजवीकडे सरकतात: १२ अंशांचा कल असेल तर ७०० युनिट (फॉन्ट आखायचं माप) उंचीवरची खूण सुमारे १४९ युनिट सरकवावी लागते. उकार उलट डावीकडे जातो.

मग 'मामा' टाइप केलं आणि हाताने लिहिल्याचा सगळा आव गळून पडला. दोन्ही 'म'वर तोच ओरखडा, त्याच जागी! ब्रशने असं कधी होत नाही. म्हणून अक्षरांची दोन-दोन रूपं केली आणि ती आलटूनपालटून यावीत अशी सोय फॉन्टमध्येच लिहिली. सगळ्यात जास्त रूपं कान्याला द्यावी लागली. 'महाराष्ट्राचा' या एका शब्दात चार काने आहेत. 'दऱ्या'मधला अर्धा र तर पहिल्या छापील नमुन्यात चक्क ओरखडाच वाटत होता. तो एकटा मी पूर्ण गुळगुळीत ठेवलाय. हिंदीत असा अर्धा र येत नाही, त्यामुळे हिंदीवाल्यांना ही कटकट नाही.

फॉन्ट शोभतो तो पोस्टरवर, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटवर. दोन-तीन शब्द, मोठे, बस्स. परिच्छेद लावू नये. वर्तमानपत्राच्या कागदावर लहान आकारात शाई पसरते आणि ओरखडे बुजून अक्षरं नुसती मळकी दिसतात.

दुकानाच्या पाटीसाठी व्हिनाइल (चिकटवायचं रंगीत प्लास्टिक) कापायला फाइल दिली, तर कटिंगवाल्याचा लगेच फोन. "दादा, हे तुकडे चिमट्याने सोलायला कोण बसणार? सकाळ होईल!" त्याचं बरोबरच होतं, प्लॉटरची, म्हणजे कापायच्या यंत्राची, सुरी प्रत्येक ओरखड्याभोवती फिरत होती. त्याच्यासाठी ओरखडे भरून, फक्त बाहेरची कड खडबडीत ठेवलेली वेगळी आवृत्ती केली. आता फॉन्ट देताना दोन्ही फाइली देतो, आणि नावातच 'छपाई' नि 'कटिंग' लिहून ठेवतो.