जुन्या सहा सिलिंडर शेव्हरोलेला दोन सायलेन्सर : बिडाचा मॅनिफोल्ड विभागताना

१९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना होता. त्या काळातल्या ज्या शेव्हरोले आपल्या भागात अजून चालत्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत २१६ घन इंचाचं, म्हणजे सुमारे ३.५ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आहे. त्याला दोन एक्झॉस्ट काढायचे असतील तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा नळ, मधोमध विभागावा लागतो. हे काम साताऱ्या-सांगलीत उत्तम होऊ शकतं, कारण या पट्ट्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, समजणारी माणसं आहेत. किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगराचे फाळ ओतले जात होते. कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीत आजही ओतकाम आणि मशीनिंग चालतं. तरी मॅनिफोल्ड तडकतात, आणि ते जवळजवळ नेहमी वेल्डिंगच्या घाईमुळे तडकतात.

या इंजिनाला दोन एक्झॉस्ट शोभतात त्याचं कारण फायरिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमात, आहे. क्रम १-५-३-६-२-४. पुढचे तीन (१, २, ३) एका पाइपात आणि मागचे तीन (४, ५, ६) दुसऱ्यात सोडले, की पुढचा-मागचा, पुढचा-मागचा असा ठोका आळीपाळीने पडतो. एकाच मॅनिफोल्डमध्ये क्रँकच्या दर १२० अंशांनी धूर येत होता, तो आता प्रत्येक बाजूला दर २४० अंशांनी येतो. त्यामुळे एका सिलिंडरचा धूर बाहेर पडत असताना शेजारचा त्याच्या वाटेत येत नाही. हेडवरच्या एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडांची, मांडणीही सोयीची आहे. पोर्ट चारच आहेत : पहिल्याचा वेगळा, २-३ चा एक, ४-५ चा एक आणि सहाव्याचा वेगळा. २-३ आणि ४-५ या दोन पोर्टांच्या मधून रेघ मारली, की कुठलाही पोर्ट न कापता बरोबर दोन भाग पडतात.

चार सिलिंडरला हाच हिशोब लावू नका. ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनात क्रम १-३-४-२ आहे आणि एक्झॉस्ट पोर्ट तीन आहेत : १, २-३ आणि ४. तिथे पुढचे दोन आणि मागचे दोन असे भाग पाडले, तर ठोके असमान पडतात, शिवाय मधला पोर्ट दोघांचा असल्याने ते जमतही नाही. ॲम्बॅसडरमध्ये मधला पोर्ट एकटा काढतात आणि १ व ४ एकत्र आणतात. मग दोन्ही पाइपांत दर ३६० अंशांनी ठोका येतो.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका : गाडीवरचा मूळ मॅनिफोल्ड कापायचा नाही. दुसरा जुना मॅनिफोल्ड मिळवा, त्यावर काम करा, आणि मूळ मॅनिफोल्ड तेल लावून गुंडाळून ठेवा. यामागे भावनेइतकंच कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. उद्या एमएच-११ किंवा एमएच-१० ची गाडी त्या नोंदणीसाठी न्यायची ठरली, तर एका दिवसात मूळ मॅनिफोल्ड परत बसवता आला पाहिजे. म्हणून चॅसिसला नवीन भोकं पाडू नका, हँगर क्लॅम्पने धरा.

जुना मॅनिफोल्ड विकत घेताना तो दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवून पाहा. चांगलं बीड घणघणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मग तो रॉकेलने भिजवा, कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तिथे दहा-पंधरा मिनिटांत खडूवर ओली काळपट रेघ उमटते. टोकाच्या पोर्टांच्या कानांपाशी आणि मधल्या हीट बॉक्सच्या (इनटेकला, म्हणजे पेट्रोल-हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डला, ऊब देणाऱ्या खोक्याच्या) कोपऱ्यांत नीट बघा, तिथेच ताण येतो. छोटा तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून तो भरता येतो. हीट बॉक्सची भिंत जळून कागदासारखी झाली असेल, तर तो नग सोडून द्या. जुनं गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून मध्ये बसवलेली पट्टी) ॲस्बेस्टॉसचं असण्याची दाट शक्यता असते. ते पाण्याने भिजवून पातळ पट्टीने काढा, कोरड्यावर वायर ब्रश चालवू नका.

विभागण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली आतून पडदा टाकण्याची. मूळ आउटलेट मागच्या तीन सिलिंडरांकडे राहतो, पुढच्या भागाला नवीन आउटलेट काढतात. हीट बॉक्समधली झडप आणि तिचा दांडा काढून टाका, दांड्याची भोकं आटे पाडून बोल्टने बंद करा, आणि हीट बॉक्सच्या तोंडातून ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी आत उतरवा. पट्टी आधी पुठ्ठ्याची करून पाहावी, कारण आतला आकार कुठेच सरळ नसतो. ही पट्टी चारही बाजूंनी वेल्ड करणं ही नेहमीची चूक आहे. पट्टीला दोन्ही बाजूंनी धूर लागतो, ती भिंतीपेक्षा जास्त तापते, जास्त वाढते आणि भिंतीलाच ढकलून फोडते. तीन बाजू जोडा, चौथ्या कडेला १ मिमी फट ठेवा. त्या फटीतून जाणाऱ्या धुराने काही बिघडत नाही.

दुसरी पद्धत मॅनिफोल्डचे सरळ दोन तुकडे करायची. मूळ आउटलेट यात जातो, दोन्ही तुकड्यांना नवीन आउटलेट लागतात आणि कापलेली तोंडं ६ मिमी प्लेटने बंद करावी लागतात. काम जास्त आहे, पण रोज चालणाऱ्या गाडीसाठी माझं मत याच पद्धतीला आहे. ६०० मिमी लांबीचं बीड ५०० अंशांनी तापलं, तर सव्वातीन मिलिमीटर वाढतं. एकसंध मॅनिफोल्ड ही वाढ टोकाच्या कानांवर काढतो. दोन तुकड्यांमध्ये ८-१० मिमी मोकळी जागा असली, की प्रत्येकजण आपापला वाढतो.

कापायला हॅकसॉ किंवा १ मिमीचं कटिंग व्हील घ्या, गॅस कटर बिडावर चालत नाही. नवीन आउटलेटसाठी ३२ मिमी एनबीचा (नाममात्र आतल्या व्यासाचा) ‘सी’ क्लास, म्हणजे जाड भिंतीचा, काळा पाइप उत्तम. भिंत ४ मिमीची, आतला व्यास ३४ मिमीच्या थोडा वर. गॅल्व्हनाइज्ड पाइप अजिबात नको. जस्ताचा धूर फुप्फुसाला वाईट आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. पुढच्या भागाचा आउटलेट पोर्ट १ आणि पोर्ट २-३ यांच्या मध्ये, खालून, मागे झुकलेला काढा. सरळ काटकोनात काढला तर धूर भिंतीवर आपटतो.

आता वेल्डिंग. जुन्या बिडात वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी मुरलेली असते. जोडाची जागा टॉर्चने तापवा, काळं वर येईल, ते घासून काढा, पुन्हा तापवा. काळं यायचं थांबेपर्यंत हे करा. नाहीतर पहिला थर फसफसतो आणि रॉडला नावं ठेवली जातात. मग ६०-७० अंशांची व्ही-खाच करा. रॉड ५५ टक्के निकेलचा, २.५ मिमी, ६० ते ८० अँपिअर. पूर्ण निकेलचा रॉड मऊ जोड देतो आणि मशीनिंगला सोपा जातो, पण बीड आणि लोखंडी पाइप यांच्या जोडाला ५५ चा जास्त मजबूत पडतो. पितळेच्या रॉडने केलेलं ब्रेझिंग दिसायला सुबक असतं, पण चढावर पोर्टाजवळचं बीड लाल होतं तेव्हा त्या जोडात दम राहत नाही.

तापमानाच्या दोन रीती आहेत. एक गरम रीत : अख्खा मॅनिफोल्ड विटांच्या भट्टीत कोळशावर २५० ते ३०० अंशांपर्यंत एकसारखा तापवायचा आणि काम संपेपर्यंत त्याखाली येऊ द्यायचा नाही. दुसरी थंड रीत : कास्टिंगला हात लावता येईल इतकंच गरम राहील अशा बेताने, थांबत थांबत वेल्ड करायचं. दोन्ही चालतात, त्यांची खिचडी चालत नाही. एक टोक तापलेलं आणि दुसरं गार असलं की तडा ठरलेला. कुठल्याही रीतीत एका वेळी २०-२५ मिमीचाच थर द्या आणि तो लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके मारा. आकसणारा धातू त्या ठोक्यांनी पसरतो आणि ताण निघतो. लगेच पुढचा थर शेजारी न देता दुसऱ्या टोकाला द्या.

गरम रीतीने केलं असेल, तर शेवटचा थर पडताच मॅनिफोल्ड कोरड्या चुन्यात किंवा राखेत पूर्ण पुरा आणि रात्रभर हात लावू नका. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख मुबलक मिळते. फक्त ती खरोखर कोरडी आहे ना, ते बघा. झटकन गार झालेल्या बिडातला कार्बन ग्रॅफाइट म्हणून सुटा पडत नाही, लोखंडाशी जखडून राहतो. वेल्डच्या कडेला काचेसारखी कडक, पांढरी पट्टी तयार होते. ड्रिल तिथे घसरतं, आणि काही वेळाने शांत वर्कशॉपमध्ये ‘टिक्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की खडू-रॉकेल पुन्हा काढायचं.

वेल्डिंगनंतर मॅनिफोल्ड वाकतोच. त्याला फेसिंग हवं, म्हणजे हेडवर टेकणारी बाजू घासून सपाट करायला हवी, आणि ते एकट्याला नाही. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि एकच क्लॅम्प दोघांना धरतो. दोन्ही बोल्टने एकत्र बांधून, एकाच बैठकीत सरफेस ग्राइंडरवर घ्या. एकटा एक्झॉस्ट घासून आणला, तर क्लॅम्प इनटेकवर टेकतो, एक्झॉस्ट सैल राहतो आणि नवं गॅस्केट थोड्याच दिवसांत जळतं. फेसिंग झाल्यावर सरळ पट्टी धरा. ०.१५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही आत जाता कामा नये.

बसवताना इनटेक पोर्टांतल्या तीन पातळ रिंगा विसरू नका. त्या इनटेकला जागेवर आणतात. मॅनिफोल्ड एकसंध ठेवला असेल, तर इनटेक-एक्झॉस्टमधले बोल्ट आधी नुसते हाताने लावा, मग हेडवरचे नट मधून बाहेर अशा क्रमाने आवळा आणि मधले बोल्ट शेवटी. मधल्या क्लॅम्पना टॉर्क पान्यावर २५ ते ३० फूट-पाउंड, टोकाच्यांना १५ ते २०. टोकाला जास्त आवळलं, की लांबीची वाढ अडते आणि कान तुटतो. आउटलेटच्या फ्लँजला पितळी नट वापरा, पुढच्या खेपेला ते सुटतात.

पाइपाच्या मापात बहुतेक जण मोठ्याच्या मोहात पडतात. ४४ मिमीच्या एका पाइपाचं आतलं क्षेत्रफळ, १.६ मिमी भिंत धरून, सुमारे १३१० चौरस मिमी. ३८ मिमीच्या दोन पाइपांचं मिळून सुमारे १९००. म्हणजे ३८ नेच ४५ टक्के जागा वाढली. पावणेदोन लिटरच्या प्रत्येक भागाला तेवढं भरपूर झालं. ५० चे दोन टाकले तर धुराचा वेग पडतो आणि गिअरवर ओढणारं हे इंजिन खालच्या फेऱ्यांत मठ्ठ होतं. त्यातून २१६ च्या कनेक्टिंग रॉडना बॅबिटच्या, म्हणजे मऊ मिश्रधातूच्या, बेअरिंगा आहेत आणि त्यांना तेल चमच्यांनी उडून मिळतं. ९० अश्वशक्तीचं हे इंजिन ३३०० फेऱ्यांसाठी बनलं आहे. नव्या आवाजाच्या नादाने ते त्यापुढे पळवू नये.

वाक हाताने काढायचे असतील तर पाइपात कोरडी वाळू ठासून, टोकं बंद करून, तापवून काढा. वाळू ओली राहिली तर वाफेने बूच उडतं आणि माणूस जखमी होतो. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळीपासून ५० मिमी अंतर ठेवा, जमत नसेल तिथे मध्ये पत्रा टाका. दोन्ही पाइपांचा पहिला आधार गिअरबॉक्सवरून घ्या, म्हणजे ते इंजिनाबरोबर हलतील. त्यामागचे सगळे हँगर जुन्या कन्व्हेअर पट्ट्याच्या तुकड्यांवर लोंबते. पहिलाच आधार चॅसिसला घट्ट बांधला, तर इंजिनाचा प्रत्येक हेलकावा तुमच्या नव्या वेल्डवर येतो. सायलेन्सर दोन्हीकडे पूर्ण मापाचे आणि एकाच प्रकारचे लावा. या इंजिनाचा दुहेरी ठोका मऊ आवाजातच सुंदर लागतो, आणि शहरात कोणी अडवत नाही.

राहिली इनटेकच्या उबेची गोष्ट. मॅनिफोल्डचे तुकडे केले की कार्ब्युरेटरखालची ऊब गेली. सांगलीच्या उन्हाळ्यात काही जाणवणार नाही. पण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला गोठवणारी थंडी लागत नाही, दमट आणि गार हवा पुरते, आणि पावसाळ्यातलं महाबळेश्वर नेमकं तसंच असतं. इंजिन चढावर अडखळतं, थांबवून दहा मिनिटांनी आपोआप बरं होतं, आणि माणूस पेट्रोल पंप बदलत बसतो. उपाय सोपा आहे : इनटेकच्या हीट बॉक्सचं तोंड नुसत्या प्लेटने बंद न करता १५ मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये पाण्याची वाट कोरून घ्या आणि इंजिनाचं गरम पाणी १६ मिमी होजने त्यातून फिरवा.

पहिल्यांदा इंजिन १५ मिनिटं हलकं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग नट पुन्हा त्याच मापाला आवळा. गरम असताना आवळू नका. त्यानंतर वाईहून पसरणी घाटाने पाचगणीपर्यंत जाऊन या. एवढा चढ मिळाल्याशिवाय मॅनिफोल्ड खरा तापत नाही. परत आल्यावर गाडी गार झाली की पोर्टांच्या कडा टॉर्चने पाहा. काळी पिसाऱ्यासारखी काजळी दिसली तर तिथे गळती आहे. सकाळी सुरू करताना टिकटिक येऊन गरम झाल्यावर थांबत असेल, तर फट बारीक आहे, एकदा आवळून मिटते. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली, तर आवळत बसण्यात अर्थ नाही, फेसिंग पुन्हा करावं लागेल. प्लगही काढून बघा. पुढचे तीन आणि मागचे तीन एकाच तपकिरी रंगाचे हवेत. सहाही पांढरट असतील तर मिश्रण पातळ झालंय (पेट्रोल कमी पडतंय), कार्ब्युरेटरचं जेट एक माप वाढवा. फक्त एका बाजूचे पांढरट असतील तर जेटला हात लावू नका, त्या बाजूचं इनटेक गॅस्केट हवा ओढतंय.