पंच्याण्णवला येणारी थरथर

गुरुवारी गाडी परत गेली, पैसे मिळाले, गिऱ्हाईक खूश. तरी रात्री आडवा झालो की डोक्यात तोच बेल्ट फडफडतो, म्हणून लिहून काढतोय.

माझं गॅरेज नाशिकला, पाथर्डी फाट्याकडे. रोजचं काम म्हणजे चेन, ब्रेक, क्लच प्लेट, कार्बोरेटरवाल्या जुन्या बुलेट. चेनऐवजी बेल्टवर चालणारी मोटरसायकल वर्षातनं दोनदा येत असेल. आणि ही तर तीनचाकी, रिक्षाच्या उलटी, पुढे दोन चाकं मागे एक, बाहेरच्या देशातनं आणलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये. गाडी दारात लावली की दहा मिनिटात गर्दी जमते आणि पहिला प्रश्न ॲव्हरेज किती, दुसरा याला परमिट लागतं का.

मालक निफाडकडचे द्राक्षबागायतदार, पन्नाशीचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. या गाडीला क्लच नाही, गिअर हँडलवरच्या बटणाने पडतात, ब्रेक सगळा उजव्या पायाला, सिग्नलला पाय टेकवायची भानगड नाही. लोक म्हणतात हौस आहे अण्णांची, पण सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मागे बसून फिरलेल्या माणसाची हौस वेगळी असते.

तक्रार साधी होती. ताशी ९५ ला थरथर सुरू होते, पायाखाली आणि सीटमध्ये, १०५ च्या पुढे गेलं की गायब. हायवेला माणूस नेमका त्याच स्पीडला चालवतो. आधी मुंबईच्या एका चकाचक वर्कशॉपला दाखवून आले होते, तिथल्या साहेबांनी सांगितलं, 'नॉर्मल आहे सर, थोडी फास्ट चालवा.' हे उत्तर देण्याचे पण पैसे घेतले असतील.

मीही शहाणपणा केला नाही. पहिले टायरवाल्याकडे मागच्या चाकाचं बॅलन्सिंग, त्याने दोन वजनं चिकटवली आणि नेहमीसारखं 'आता बघा' म्हणाला. फरक शून्य. मग बेल्ट हाताने दाबून पाहिला, मला सैल वाटला. हाताला वाटला म्हणजे काय तर चेन दाबायची सवय असलेल्या हाताला वाटला. मागच्या ॲक्सलचे दोन्ही ॲडजस्टर, म्हणजे चाक मागे सरकवून बेल्ट ताणायचे स्क्रू, फिरवले, बेल्ट पुलीच्या एका कडेला चढत होता तो मधोमध आणायला अर्धा दिवस गेला, एक बाजू पाव फेरा फिरवली की दुसरी बिघडते, चाक हाताने फिरवून परत बघायचं. ते काम मात्र मी झकास केलं. विल्होळीच्या पुढे घोटीपर्यंत ट्रायल मारली, ९५ ला गाडी लोण्यासारखी. बिल केलं, अण्णा चहा पाजून गेले.

बाराव्या दिवशी अण्णा परत. 'अरे थरथर गेली नाही, वर सरकलीये. आता एकशेपंधराला येते. आणि एक घूं आवाज पण येतो.' ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. रागावलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर देता येतं.

परत घोटी रोड. या वेळी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर सोडून दिला, स्पीड तोच पण थरथर पटकन बंद. परत दिला, परत सुरू. चाकाचं बॅलन्स गेलं असतं तर ॲक्सिलरेटर सोडा नाहीतर धरा, त्या स्पीडला ते हललंच असतं. जोर लावला की बेल्टची वरची बाजू ताणली जाते आणि खालची सैल पडते, सोडला की उलटं. म्हणजे खालची बाजू तारेसारखी वाजत होती. बॅलन्सिंगचे पैसे मी अण्णांच्या खिशातनं उगाच घालवले, आता काय बोलायचं.

पहिल्यांदा ॲडजस्टरवर मी पेंटची खूण केली होती, तेवढं एक बरं केलं. गाडी स्टँडवर घेतली, जुना माइक बेल्टजवळ धरला, मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावलं आणि बेल्टला टिचकी मारत बसलो. ताणलेला बेल्ट सेकंदाला ४७ कंपनं दाखवत होता. जुन्या खुणेवर आणला तर ३९. आकडा नाचतो, दहा वेळा मारून घ्यावा लागतो. मग हिशोब. मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर, ९५ च्या स्पीडला सेकंदाला १४ च्या आसपास फेरे, मागची पुली एकदा फिरली की पुढची २.८ वेळा, म्हणजे पुढची पुली सेकंदाला ३९ फेरे. ११५ ला केला तर ४७. मी कागदाकडे बघतच राहिलो. रस्त्यावर ताण सारखा बदलतो, अण्णा बसले की गाडी दबते आणि स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो तेव्हाही बदलतो, त्यामुळे इतकं तंतोतंत जुळायला नको होतं, थोडं नशीबच म्हणायचं. पण पुढची पुली दर फेऱ्याला बेल्टला एक बारीक धक्का देते आणि तो धक्का बेल्टच्या स्वराशी जुळला की बेल्ट नाचतो, एवढं पक्कं झालं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, 'मामा, स्वर दुप्पट करायचा तर ताण चौपट लागतो. तू ३९ चा ४७ केलास म्हणजे ताण जवळजवळ दीडपट केलास.' दीडपट! तो सगळा जोर बारा दिवस पुढच्या पुलीच्या शाफ्टवर आणि तिथल्या बेअरिंगवर. माझ्या हाताला सैल वाटलं म्हणून.

उपाय मला सुचला नाही, हे कबूल. जुन्या ताणावर ठेवून परत टिचकी मारत होतो, पोऱ्या टॉर्च धरून बसलेला, ॲपवर काहीच येईना, नुसता ठप् आवाज. बघतो तर त्याचं बोट खालून बेल्टला टेकलेलं. ओरडलो, 'बोट काढ!' काढलं तर परत ३९. मग म्हणलं थांब, ठेव परत. परत ठप्. पोरगं घाबरून बघतंय की उस्तादाला झालं काय. ताण तोच, पण एका जागी धरलं की लांब तार उरतच नाही, दोन तुकडे होतात.

पुढचे दोन दिवस त्या बोटाच्या जागी रोलर बसवण्यात गेले, आणि याबद्दल मी फुशारकी मारणार. अंबडला ओळखीच्या लेथवाल्याकडनं ७० एमएमचा नायलॉन रोलर करून घेतला, आत ६२०२ सील्ड बेअरिंग, कारण १०० च्या स्पीडला तो मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेरे मारणार आणि उघड्या बेअरिंगचा घोटी रोडच्या धुळीत महिनाभरात भुगा होईल. लेथवाला म्हणे ४० एमएम कर, सुबक दिसेल. दिसेल ना, पण या बेल्टच्या आत कार्बनचे दोर असतात, त्यांना उलटी मोड अजिबात चालत नाही, छोट्या रोलरने पाठीतनं दाबला तर दोर आतल्या आत तुटतात आणि बाहेरनं काही दिसत नाही. बरोबर मधोमध पण नाही लावला, मध्ये लावला तर दोन्ही तुकडे एकाच स्वरात वाजणार. साठ सेंटीमीटरच्या लांबीत पुढनं वीसवर घेतला. वेल्डिंग नको म्हणून स्विंगआर्मला क्लॅम्प, त्यावर छोटा हात आणि स्प्रिंग. पहिली स्प्रिंग स्कूटरच्या स्टँडची लावली, ती बेल्टला वर ढकलायला लागली. मग बुलेटच्या ब्रेक पेडलची नरम स्प्रिंग. रोलर फक्त टेकला पाहिजे, रेटला नाही पाहिजे.

ट्रायलला अण्णा स्वतः आले, मी मागे. ९५, १००, ११०, ११५. अण्णांनी मान न वळवता नुसता अंगठा वर केला. १२० च्या वर काय होतं ते बघितलं नाही, त्या रस्त्यावर बघायचंही नाही.

परत आल्यावर सगळं सांगितलं. ताण दीडपट झाला होता, बेअरिंगला त्रास झाला असू शकतो, बॅलन्सिंगचे आणि पहिल्या बिलाचे पैसे यातनं वजा करतोय, हजार किलोमीटरला गाडी दाखवायला आणा. अण्णा म्हणाले, 'चालतेय ना आता? मग कशाला जीव खातोस.'

ते चहा घेत होते तेवढ्यात मी इंजिन चालू करून मागचं चाक स्टँडवर फिरतं ठेवलं आणि मोठा स्क्रूड्रायव्हर पुढच्या पुलीच्या बेअरिंगपाशी टेकवून मूठ कानाला लावली. एक बारीक सूर येत होता. खडखड नाही, खरखर नाही, नुसता सूर. तो नेहमीचाच आहे की माझ्या बारा दिवसांचा, ते सांगता येईना, कारण बेल्ट ताणायच्या आधी मी तिथे कान लावलाच नव्हता.